आईच्या दारावरचं लाकूड

पाँड एंड, मार्लिंग ग्रीन, सफोक
९ जून १९५८

प्रिय अमॉस,

तुझं ईस्टरचं कार्ड मे महिन्यात मिळालं. ओल्गाला सांग, काकडीच्या लोणच्याची कृती पोचली, पण त्यात ती म्हणते तेवढा शेपू आमच्या अख्ख्या गावात मिळणार नाही.

आता कामाचं. गेल्या मंगळवारी कौन्सिलचा माणूस घर बघायला आला. मि. हॅलम. तरुण आहे, पायपुसण्याला बूट नीट घासून आत आला, म्हणून मी त्याला चहा दिला. त्याने रस्त्याकडच्या कोपऱ्याला ओळंबा लावला, वर माझ्या खोलीत जाऊन भिंतीच्या भेगेत बोट घातलं, आणि वहीत बरंच काही लिहून घेतलं. शुक्रवारी नोटीस आली. घर राहायला धोक्याचं आहे. मायकलमसपर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत, ते सुरक्षित असल्याचं मी दाखवून दिलं नाही, तर पाडण्यात येईल. मला शाळेमागे बांधलेल्या नव्या, छोट्या बैठ्या बंगल्यांपैकी एक मिळेल. "तिथे भिंती सरळ आहेत आणि नळाला गरम पाणी येतं," असं तो समजुतीच्या सुरात म्हणाला. मी म्हटलं, सरळ भिंतींच्या घरात कसं चालायचं हे मला एकसष्टाव्या वर्षी नव्याने शिकावं लागेल.

मी विनोद करते आहे, पण रात्री झोप नीट लागत नाही.

दोन ठेकेदारांना विचारलं. एक म्हणाला, पुढची भिंत विटांची करा. दुसरा नुसताच हसला. ओकच्या लाकडाचं काम करणारा आता एकच उरलाय, सिलस पेटिट. तुला आठवत असेल, बाबांकडे कामाला होता. तो बघायला तयार आहे. पण भेग नेमकी कशामुळे पडली हे भिंती उघडल्याशिवाय कळणार नाही म्हणतो. या घरातलं कुठलं लाकूड कुठे बसलंय हे बाबांनी तुला शिकवलं होतं. कुठून उघडायला सुरुवात करावी ते लिही. लगेच लिही.

तुझी,
हेस्टर


ब्रायर क्रॉसिंग, सस्कॅचेवान, कॅनडा
१८ जून १९५८

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं आणि आजच उत्तर लिहितोय, त्यामुळे अक्षर समजून घे.

बंगला घे.

मला ठाऊक आहे तुला हे आवडणार नाही. पण कौन्सिलचा माणूस शिकलेला असतो, तो उगाच लिहीत नाही. घर साडेचारशे वर्षांचं झालं. त्याने आपलं काम केलं. गरम पाणी ही काही वाईट गोष्ट नाही, इथे आम्हाला मिळायला लागून सहा वर्षं झाली आणि ओल्गा अजून त्याबद्दल बोलते.

भिंती उघडू नकोस, आतल्या तर नकोच. जुनं घर एकदा उघडलं की थांबता येत नाही, आणि पेटिट आता साठीच्या पुढे असणार. बंगल्यात जाईपर्यंत तुझी झोपायची खोली तेवढी बदल. मागच्या बाजूला, स्वयंपाकघरावरच्या खोलीत झोप. शेकोटीच्या खोलीत फार वेळ बसू नकोस.

इथे पाऊस बरा झालाय. गहू गुडघ्याएवढा आलाय. धान्याचं कोठार रंगवून घेतलं, आता ते पाच मैलांवरून दिसतं.

तुझा,
अमॉस


पाँड एंड
२६ जून १९५८

अमॉस,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मीच घाईत काहीतरी चुकीचं वाचलं.

तुला मी एक प्रश्न विचारला होता. कुठून उघडायचं. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. त्याऐवजी घर मोडायचा सल्ला दिलास आणि वर गव्हाची उंची कळवलीस. चौतीस वर्षांत तू एकदाही इकडे आला नाहीस. बाबा गेले तेव्हा युद्ध चालू होतं, ते मी समजून घेतलं. पण त्याआधीची पंधरा वर्षं काही युद्ध नव्हतं.

पेटिटला मी तुझं पत्र दाखवलं नाही. एवढंच सांगितलं की अमॉस म्हणतो, पाडू द्या. तो म्हणाला, "तिकडे घरं एका उन्हाळ्यात बांधतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर पाठवून देतात, मिस बॉरेट. त्याला काय विचारायचं." मी तुझी बाजू घेतली नाही.

शेकोटीच्या खोलीत बसू नकोस, म्हणे. त्या खोलीत जायला मी दिवसातून वीस वेळा आईच्या दारातून जाते. ते दार तू केलंस. मागच्या थंड खोलीत तिची छाती कफाने भरायची, आणि जुन्या दारातून तिचा पलंग निघत नव्हता. बाबा चार दिवस इप्सविचला गेले होते, आणि तू एकोणीस वर्षांचा. ते परत आले तोवर तू भिंत कापून, चौकट बसवून, तिचा पलंग शेकोटीपाशी नेऊन ठेवला होतास. आठ आठवडे ती तिथे झोपली. शेवटच्या दिवशी तिने मला म्हटलं होतं, "पाय गरम आहेत बघ." ज्याने हे केलं तो माणूस आज म्हणतो, पाडू द्या. मला कळत नाही.

तुला आपला वाटा विकून मोकळं व्हायचं असेल तर तसं सरळ लिही. वाईट वाटेल, पण कळेल तरी.

पेटिट पुढच्या सोमवारी काम सुरू करतोय. रस्त्याकडच्या बाजूने.

हेस्टर


ब्रायर क्रॉसिंग
२० जुलै १९५८

प्रिय हेस्टर,

दोन आठवडे मी या पत्राला उत्तर लिहितोय. चार कागद चुलीत गेले. मला वाटा नको. तसं काही मनात नाही. मनात जे आहे ते सांगतो आणि मग तू काय म्हणायचं ते म्हण.

आईचं दार केलं तेव्हा मी बाबांना सांगितलं की मधले बारीक उभे दांडे तेवढे कापले, बाकी कशाला हात लावला नाही. ते खोटं होतं. पलंग त्याहून रुंद होता. दाराच्या डाव्या अंगाला जो मोठा खांब आहे, ज्यावर वरच्या मजल्याची तुळई टेकते, त्या खांबाची अर्धी रुंदी मी कमरेपासून वर कापून काढली. खांबातून तुळईकडे जाणारं ते वाकडं लाकूड होतं ना, कमानीसारखं, ते तर मी साफ कापून टाकलं. वर फळ्या ठोकल्या, त्यावर चुना लावला. बाबा आले तेव्हा चुना ओला होता.

बाबा कायम म्हणायचे, या घरात एकही लाकूड उगाच नाही, प्रत्येक लाकडाच्या खांद्यावर दुसरं उभं आहे. आणि मी त्यातलं सगळ्यात मोठं कापलं होतं. तेव्हा विचार केला, आई बरी झाली की सांगू. मग ती गेली. मग सांगायचं तर कसं, असं वाटत राहिलं. रोज संध्याकाळी आम्ही त्या दाराशेजारी जेवायला बसायचो आणि बाबा मधेच नजर वर करून तुळईकडे बघायचे. मला वाटायचं, आज विचारतील. त्यांनी कधीच विचारलं नाही. दोन वर्षं मी तसा जेवलो. मग कॅनडाची जाहिरात दिसली. लोकांना मी सांगत आलो की जमीन स्वस्त होती म्हणून आलो. खरं म्हणजे त्या जेवणाच्या टेबलावरून उठून आलो.

इथे आल्यावर मी पुन्हा सुतारकाम केलं नाही. धान्य मोजतो, पावत्या लिहितो.

तुझी खोली बरोबर त्या तुळईवर आहे. तुझ्या पत्रात भेग वाचली आणि मला कळलं की ती माझी आहे. म्हणून बंगला घे म्हटलं, म्हणून आतल्या भिंती उघडू नकोस म्हटलं. पहिलं तुझ्या काळजीने, दुसरं माझ्या भीतीने. दोन्ही एकाच पत्रात लिहिली तेव्हा ती मला वेगळी करता आली नाहीत.

हे पत्र पोचेल त्या दिवशी पलंग हलव. पेटिटला वाचायला दे. लपवू नकोस.

अमॉस


पाँड एंड
२९ जुलै १९५८

प्रिय अमॉस,

खुर्चीत बसून वाच. वाईट काही नाही.

तुझं पत्र काल सकाळी दहाला आलं. पेटिट बाहेर पुढच्या भिंतीपाशी होता. मी ते वाचलं आणि तसंच त्याच्या हातात दिलं. चष्मा शोधण्यात त्याने बराच वेळ घालवला, मग उन्हात उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. घडी घातली. मला म्हणाला, "म्हणजे त्याला माहीतच नाही?"

"काय माहीत नाही?"

"जिन्याखालच्या कपाटातून तुमच्या बरण्या बाहेर काढा," तो म्हणाला.

मी मुरंब्याच्या सगळ्या बरण्या काढून जमिनीवर मांडल्या. पेटिट गुडघ्यांवर आत शिरला, मागच्या फळ्यांचे खिळे उपटले आणि एकेक फळी माझ्याकडे दिली. मग टॉर्च लावून म्हणाला, "या, बघा."

तुझा अर्धा कापलेला खांब तिथे मागच्या बाजूने दिसतो, अमॉस. आणि त्याला पाठ लावून दुसरा खांब उभा आहे. अखंड ओकचा, माझ्या दोन्ही हातांच्या वितीएवढा रुंद. त्याचा पाय दगडावर आहे आणि डोक्यावर तुळई. जुन्या खांबात तो खाचा पाडून असा बसवलाय की दोघांच्या मधे नख जात नाही. आठ लाकडी खुंट्या ठोकल्यात. छातीच्या उंचीवर छिन्नीने कोरलंय: एप्रिल १९२२. खाली बाबांची आद्याक्षरं.

मी कपाटातच बसून राहिले. पेटिट दाराशी पाय पसरून बसला आणि त्याने सांगितलं. त्याच्याच शब्दांत लिहिते.

"इप्सविचहून आले त्याच संध्याकाळी त्यांना कळलं. दाराची रुंदी बघितली की झालं, तिथे काय लाकूड होतं ते त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी अमॉसला लाकूड आणायला पाठवलं आणि आम्ही दोघांनी इथे कपाटात एक टेकू ठोकला, तात्पुरता. तुमची आई पलीकडे झोपलेली, म्हणून हातोड्याला फडकं बांधून. ती गेल्यावर त्यांनी अमॉसला सहा आठवडे बरी गावाला चर्चच्या छपराच्या कामावर धाडलं, आणि तुम्ही शाळेत शिकवायला गेलात की आम्ही हा खांब करायचो. मी विचारलं, पोराला झापणार नाही का? म्हणाले, 'काप सरळ घेतलाय. आईसाठी घेतलाय. आधी टेकू लावायला विसरला, तेवढंच. तो येऊन सांगेल तेव्हा त्याला हे दाखवेन.' मला शपथ घातली की तोवर गप्प बसायचं. मग तो कॅनडाला गेला. मला वाटलं, जाण्याआधी बोलणं झालं असेल. बाप-लेकाच्या मधे मी कशाला नाक खुपसू?"

मी विचारलं, "आणि बोलणं झालं नसेल तर?"

"तर दोघे सारखेच गाढव," तो म्हणाला, आणि फळ्या गोळा करायला लागला.

आता मला एक गोष्ट आठवते आणि तिचा अर्थ आता कळतो. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तुझं पत्र आलं की बाबा विचारायचे, "घराबद्दल काही लिहिलंय का त्याने?" मी म्हणायचे, "नाही, गव्हाबद्दल लिहिलंय." ते मान हलवायचे. मला वाटायचं, तुझ्या वाट्याची त्यांना चिंता आहे. ते रागावलेले नव्हते, अमॉस. ते वाट बघत होते. टेबलावरून तुळईकडे बघायचे ते आपलं काम नीट धरून आहे ना, हे बघायला. कुठलाही सुतार बघेल.

पेटिटने माझ्या खोलीत पातळी लावून बघितली. त्या तुळईवरची जमीन खडूच्या रेघेएवढीही खचलेली नाही. भेग तुझी नाही. ती रस्त्याकडच्या कोपऱ्यातून येते, तिथून वीस फूट लांब.

मागचं पत्र मी फार कडू लिहिलं. ते विसर, आणि मला पुन्हा लहानपणीसारखं हेटी म्हण.

तुझी,
हेटी


ब्रायर क्रॉसिंग
८ ऑगस्ट १९५८

प्रिय हेटी,

पत्र कोठाराच्या ऑफिसात उघडलं. बाहेर मिखायलो नावाचा शेतकरी ट्रक घेऊन उभा होता, गेल्या वर्षीचं शिल्लक धान्य आणलं होतं. त्याने दोनदा भोंगा वाजवला, मग आत आला, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर जाऊन ट्रक बंद करून बसला. अर्धा तास बसला. भला माणूस आहे.

संध्याकाळी ओल्गाला सगळं सांगितलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ती हातातलं विणकाम खाली ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एवढंच? तू कधी तिकडे जायचं नाव काढत नाहीस, म्हणून मला वाटायचं तिकडे तुझी एक बायको आहे." मी म्हटलं, इतकी वर्षं तुला असं वाटत होतं आणि तू विचारलं नाहीस? ती म्हणाली, "तू सांगशील म्हणून थांबले होते." मग ती हसायला लागली आणि मग मीही. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

मला अजून पुरतं समजलेलं नाही. काल गाडीत पोती चढवताना मध्येच थांबलो आणि मनात म्हटलं, ते घर पडणार नाही. दिवसातून पाच-सहा वेळा असं होतं. पाठ दुखायची थांबली की सुरुवातीला आपण सावधच वाकतो, तसं.

सोबत वेगळा कागद आहे. तो बाबांसाठी आहे. कबरीपाशी नको, मला ती जागा माहीत नाही. दारात उभी राहून वाच.

कोपऱ्याचं काय निघालं ते लिही. भेग माझी नाही, तर कुणाची?

अमॉस


पाँड एंड
५ सप्टेंबर १९५८

प्रिय अमॉस,

उशीर झाला. त्याला कारण आहे आणि ते शेवटी सांगते, कारण सुरुवातीला सांगायचा धीर नाही.

तुझा कागद वाचला. पेटिट चौकट घासत होता, त्याला बाहेर जा म्हणणार होते, मग म्हटलं राहू दे. त्याने टोपी काढली. मी मोठ्याने वाचलं, शाळेत वाचायचे तसं: "प्रिय बाबा, दार करताना मी मोठा खांब अर्धा कापला आणि वरचं वाकडं लाकूड पूर्ण कापलं. तुम्हाला नाही म्हणून सांगितलं. आई थंडीने कुडकुडत होती आणि तुम्ही येईपर्यंत मला थांबवलं नाही. आता मला कपाटातलं कळलंय. तुमचा, अमॉस." एवढं छोटं, तरी मधे मला पाणी प्यावं लागलं. पेटिट म्हणाला, "छत्तीस वर्षं लावली." मग टोपी घालून पुन्हा चौकट घासायला लागला, पण बराच वेळ एकच जागा घासत होता.

आता कोपरा. रस्त्याकडच्या भिंतीखाली जमिनीलगत जी आडवी तुळई आहे, जिच्यावर सगळी पुढची बाजू उभी आहे, ती कोपऱ्याशी कुजली होती. पेटिटने त्यात हात घातला आणि मूठभर काळा भुसा बाहेर काढला, ओल्या चहापत्तीसारखा. कोपऱ्याच्या खांबाचा पायही तसाच, दीड फुटापर्यंत. वरचा मजला तिथे रस्त्यावर पुढे आलेला आहे, त्याचं सगळं वजन त्या भुशावर होतं. पेटिट म्हणाला, "घर झुकलेलं नाही, गुडघ्यात वाकलंय."

त्याने कोपऱ्याखाली दोन जॅक लावले. रोज सकाळी एक पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पहिल्या दिवशी घर असं करकरलं की मी अंगणात पळाले. पेटिट जागचा हलला नाही, कान लाकडाला लावून उभा होता. "कुरकुरतंय," म्हणाला. "गप्प झालं की घाबरायचं." एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी मी वर चादरी बदलत होते, आणि माझ्या खोलीची रस्त्याकडची खिडकी, जी गेली सात वर्षं मी खांद्याने ढकलूनही उघडली नाही, ती आपली आपण उघडली. कडी नुसती सैल पडली आणि झडप बाहेर गेली. खाली पेटिट उभा होता. त्याने वर बघितलं. मी खाली बघितलं. मग मी म्हटलं, "चहा ठेवते." तो म्हणाला, "ठेवा."

नव्या तुळईसाठी ओक त्याने आपल्या वखारीतून आणला. खांबाला नवा पाय लावला, खाच आणि खुंट्या, एक खिळा नाही. काठ्या विणून, माती आणि पेंढा कालवून पुढचा कूड मी स्वतः लिंपला, पेटिटच्या शिव्या खात. "मिस बॉरेट, भिंतीला थोपटू नका, ती काही रडत नाहीये. मारा तिला."

आता ते कारण. तू विचारलंस, भेग कुणाची. माझी.

एकोणपन्नास साली हिवाळ्यात पुढून फार वारा यायचा. मी जुना चुन्याचा गिलावा काढून पुढच्या भिंतीला सिमेंटचा करून घेतला. पेटिटने तेव्हा मला रस्त्यात थांबवून सांगितलं होतं की असं करू नका, ओल आत अडकेल. मी त्याला म्हटलं, जग पुढे चाललंय, मि. पेटिट. नऊ वर्षं त्या सिमेंटच्या आत पाणी खाली उतरत राहिलं आणि लाकूड खात राहिलं. पेटिटला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जुलैत तुला लिहिताना मलाही ठाऊक होतं. तुला इतकं बोलून झाल्यावर ते लिहायची लाज वाटली. तो मात्र एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

मि. हॅलम २६ तारखेला येणार.

हेटी


ब्रायर क्रॉसिंग
१४ सप्टेंबर १९५८

प्रिय हेटी,

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. सिमेंटपाशी आलो तेव्हा मी इतका हसलो की ओल्गाने सूपचं भांडं माझ्यापासून लांब सरकवलं. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासणारी बाई. बाबा म्हणाले असते, काप तरी सरळ घेतला का.

तुला लागलं नसावं अशी आशा आहे. मला लागलं नाही, हेच नवल.

एक विचारायचं राहिलंय. मला यायचंय. कापणी संपत आली, हिवाळ्यात कोठारावर दुसरा माणूस ठेवता येत नाही, पण मार्चच्या शेवटी सुट्टी मिळेल. बोटीचं बघतोय. ओल्गाही येईल, तिला खात्री करून घ्यायची आहे की तिकडे खरंच कुणी बायको नाही. हॅलमने नाही म्हटलं तर बंगल्यात येऊ. तू असशील तिथे येऊ. पण काय झालं ते तारेने कळव, पत्राची वाट बघवणार नाही.

आणि पेटिटला म्हण, मी आल्यावर एखादं लाकूड माझ्या हातात दे. बारीकसं चालेल.

अमॉस


पाँड एंड
३ ऑक्टोबर १९५८

प्रिय अमॉस,

तार मिळालीच असेल. पोस्टातल्या मिसेस गॅरडने "घर उभं" एवढेच शब्द बघून विचारलं की बाकी काही लिहायचं नाही का. मी म्हटलं, त्याला कळेल.

आता सगळं सांगते. हॅलम दहा वाजता आला. पेटिट स्वच्छ कॉलर लावून आला होता, मी ती याआधी फक्त अंत्ययात्रांत बघितली आहे. हॅलमने पुन्हा ओळंबा लावला आणि त्याचा चेहरा पडला. "मि. पेटिट, हे अजून चार इंच बाहेर आहे."

पेटिट म्हणाला, "तुमच्या पणजोबांच्या वेळीही होतं. ते तसंच सुकलंय. ओला ओक उभा केला की तो सुकताना आपल्याला हवा तसा बसतो. बाहेर असणं आणि पडणं वेगळं, साहेब. तुम्हीही जरा डाव्या खांद्यावर बाहेर आहात, पण तुम्हाला कुणी पाडत नाही."

मला वाटलं, आता संपलं. पण हॅलमने खरोखरच आपल्या खांद्याकडे बघितलं. मग तो वर गेला. जॅक काढले त्या दिवशी पेटिटने जुन्या भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या, घर केसाएवढं हललं तरी काच तडकेल अशा. हॅलमने भिंग लावून तिन्ही बघितल्या. एकही तडकली नव्हती. मग त्याला कपाट बघायचं होतं, ते मी त्याला चहा पिताना सांगून बसले होते. तो आत शिरला आणि इतका वेळ बाहेर आला नाही की मी वाकून बघितलं. तो त्या खांबांच्या जोडावर बोट फिरवत होता. बाहेर येऊन म्हणाला, "हे ज्याने केलं, त्याच्याकडे मला शिकायला आवडलं असतं."

पेटिट म्हणाला, "त्याचा एक शिकाऊ कॅनडात आहे. मार्चमध्ये येतोय. थोडा गंजलाय."

नोटीस मागे घेतली. कागद तुझ्या जुन्या खोलीत ठेवलाय, ओल्गाला घराचीही खात्री करून घ्यायची असेल म्हणून.

हॅलम गेल्यावर मी शेकोटीच्या खोलीत बसले आणि काहीच केलं नाही. विणकाम नाही, रेडिओ नाही. जूनपासून मी खांदे वर धरून बसायचे, हे मला ते खाली आले तेव्हा कळलं. पेटिट निरोप घ्यायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, तुम्ही एकोणपन्नास साली सांगितलं होतं. तो म्हणाला, "हो. सांगितलं होतं." अखेर म्हणाला. आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

पुढच्या भिंतीला चुन्याचा गिलावा झालाय, थंडीपासून वाचवायला त्यावर गोणपाटं टांगलीत, त्यामुळे घर सध्या गालगुंड झालेल्या पोरासारखं दिसतं. हिवाळाभर ते तसंच राहील. रंगाचे हात वसंतात द्यायचे. फिकट गुलाबी, पूर्वी होता तो. पेटिट म्हणतो, तीन हात लागतील आणि दोन हातांच्या मधे आठवडाभर जाऊ द्यावा लागेल. पहिले दोन मी एकटी देईन, कारण सिमेंटची शिक्षा मलाच व्हायला हवी. तिसरा ठेवला आहे. रुंद ब्रश आणायला नकोत, इथे आहेत. जुने कपडे आण.

तुझी,
हेटी